अनंत आणि आमची काळी माती

मोगऱ्यावरील आमचें टिपण वाचून एका भगिनीनें पृच्छा केली आहे कीं, अनंताचें झाड दरवर्षीं आणावें व दरवर्षीं तें मरावें, यास उपाय काय? प्रश्न आमच्या वर्मीं लागणारा आहे.

निरवांगीस आमच्या अंगणांत जो अनंत आहे, तो कुटुंबानें रत्नागिरीच्या माहेराहून फांदी आणून लाविलेला. पुढें तें घर विकलें गेलें, मूळ झाडही तुटलें. राहिली ती हीच फांदी. दुसऱ्याच वर्षीं तिचीं कोंवळीं पानें पिवळीं पडलीं; शिरा मात्र हिरव्या. आम्हीं चुलींतील राख घातली, मोरीचें पाणी वळविलें. केळीस व अळूस जें मानवतें, तें यास कां मानवूं नये, हा आमचा तर्क! झाड अर्धें वाळलें, आणि महिनाभर घरांत त्या विषयावर कोणी बोलेना.

सूनबाईंनीं माती तपासून आणविली, तेव्हां उलगडा झाला. अनंत मूळचा चीन व दक्षिण जपानकडील. त्यास आम्ल माती हवी. कोंकणांतील जांभ्याची माती तशी असते. नीरेकांठची आमची काळी माती चुनखडीची. तींत लोह असतें, परंतु चुन्यामुळें तें विरघळत नाहीं व मुळांस मिळत नाहीं. राख आणि साबणाचें पाणी हीं दोन्ही क्षारधर्मी, म्हणजे आम्हीं रोगासच खाऊं घातलें. (जुनीं पानें आधीं पिवळीं पडल्यास मात्र दोष बहुधा नत्राचा समजावा.)

मग जमिनीचा हट्ट सोडला. मोठी कुंडी घेऊन तळाशीं खापऱ्या, वर तांबडी माती व कुजलेला पाला घातला. पाणी पागोळीचें, सांठवून ठेविलेलें. पंधरवड्यांनीं लिटरभर पाण्यांत दोन ग्रॅम हिराकस विरघळवून द्यावा. तो हिरवट असावा. तांबूस झालेला निरुपयोगी. काळ्या जमिनींत ओतल्यास तोही चुन्यांत अडकतो. सकाळचें ऊन, दुपारची सावली. कळ्या धरल्यावर कुंडी हलवूं नये. पाणी चुकलें तरी कळ्या गळतात.

आजीबाईच्या बटव्यांतील डिकेमाली ही याच्याच भावकींतील रानझाडाचा डिंक, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. फूल दोन-तीन दिवसांत पांढऱ्याचें पिवळें होतें. नांव मात्र अनंत!

यंदा ज्येष्ठांत अकरा फुलें आलीं. पाऊस लागल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या ओल्या वाळूंत लाविल्या, त्यांपैकीं तीन फुटल्या आहेत. एक पुण्यास मेहुण्यांच्या सदनिकेच्या सज्ज्यांत जावयाची आहे.