न्याय पोलीस ठाण्यातच अडतो

तुमसर तालुक्यातील सिहोऱ्याच्या माणसाला खैरलांजी कोठे आहे हे सांगावे लागत नाही. शेजारच्या मोहाडी तालुक्यातील ते गाव. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुले यांना जातीयवादी जमावाने ठार केले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. पुढे नागपूर, अमरावतीसह महाराष्ट्र पेटला. अमरावतीत पोलिसांच्या गोळीने एका तरुणाचा बळी गेला. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांना मात्र या संतापामागे नक्षलवादी दिसले!

आज आम्ही हे सारे पुन्हा का सांगतो? कारण खैरलांजीतील न्याय न्यायालयात पोहोचण्यापूर्वीच अडला होता. ३ सप्टेंबरला शेजारच्या गावच्या दलित पोलीस पाटलाला मारहाण झाली. सुरेखाबाई आणि त्यांच्या मुलीने मारणाऱ्यांविरुद्ध साक्ष देण्याचे धाडस केले. आरोपी २९ तारखेला जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हल्ला झाला. साक्षीदारांना संरक्षण द्यायचे कोणी? मृतदेहांची पहिली तपासणी इतकी हलगर्जीने झाली की ते उकरून पुन्हा शवविच्छेदन करावे लागले. काही पोलीस अधिकारी व डॉक्टर निलंबित झाले. तपास सीबीआयकडे गेला. पण पहिल्या दिवसांत जे निसटले ते परत थोडेच येते?

भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. परंतु अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, असेही सांगितले. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली आणि हत्येमागे जात नसून सूडभावना असल्याचे मानले. गावात एका बौद्ध कुटुंबालाच हा सूड का भोगावा लागला, या प्रश्नाचे उत्तर न मिळताच भैयालाल २० जानेवारी २०१७ रोजी गेले.

काळ बदलला म्हणावे, तर परभणी समोर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या आंदोलनात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण निघाले. तरीही गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. पोलिसांचे पहिले निवेदन हेच सत्य मानण्याची खोड केवळ आपल्याकडची नाही. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा मृत्यू पोलिसांनी आधी आजारपणाची घटना म्हणून सांगितला होता. एका मुलीने मोबाईलवर केलेल्या चित्रीकरणाने ते उघडे पडले.

म्हणून बांधवहो, मोर्चाइतकेच लक्ष आता ठाण्यातील पहिल्या कागदाकडे द्या. २०१६ पासून लागू झालेल्या सुधारित अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे फिर्याद वाचून दाखवणे, तिची प्रत देणे, साठ दिवसांत तपास करून दोषारोपपत्र दाखल करणे ही अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत. त्यात कुचराई करणारा बिगर-दलित अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो. कलम १५-अ ने पीडित व साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क दिला. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा, असा नियम आहे. जिल्हा दक्षता समितीने दर तीन महिन्यांनी बसावे, हाही नियमच आहे. तुमच्या जिल्ह्यात ती कधी बसली, हे जिल्हाधिकाऱ्यांना विचारले का?

सिहोरा असो की आंधळगाव, पीडिताला ठाण्यात एकटे पाठवू नका. चार जण सोबत जा. जातीवरून काय बोलले गेले ते शब्दशः लिहून घ्यायला लावा. प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका. अधिकारी टाळाटाळ करील तर कलम ४ खाली त्याच्याविरुद्धच लेखी तक्रार करा.

१९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब पोटनिवडणुकीत उभे राहिले आणि हरले. तरीही त्यांचा संविधानावरचा हक्क कोणी हिरावू शकले नाही. आपलाही हिरावू देऊ नका. सुरेखाबाई साक्ष द्यायला एकट्या उभ्या राहिल्या. यापुढे कोणतीही साक्षीदार बाई एकटी राहणार नाही, हीच त्यांना खरी आदरांजली!