चांदी तोलली, इतिहास गेला

मार्च २०२५ मधली ती दृश्यं तुम्हीही टीव्हीवर पाहिली असतील. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हानपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या परिसरात, माणसं रात्री टॉर्च आणि चाळण्या घेऊन शेतं उकरत होती. ‘छावा’ चित्रपट नुकताच लागला होता, त्यात मोगलांची नाणी सापडल्याची आवई उठली. आपण हसलो, आणि चॅनेल बदललं.

मला मात्र माझा रुपया आठवला.

बुऱ्हानपूर म्हणजे मोगलांचं दख्खनेतलं मोठं ठाणं. १६८३ साली आमच्या जुवे बेटावर चालून आलेल्या संभाजीराजांनी त्याआधी दोन वर्षं, १६८१ मध्ये, बुऱ्हानपुरावर छापा घातला होता. इथे बादशाही टांकसाळ होती. चांदीची चकती दोन ठशांमध्ये धरायची आणि वरून हातोडा घालायचा. नाण्यावर टांकसाळीच्या नावाआधी ‘जर्ब’ असतं, म्हणजेच घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरं काठावर तुटतात आणि प्रत्येक नाणं थोडं वेगळं निघतं.

असा एक रुपया माझ्याकडे आहे, साधारण साडेअकरा ग्रॅमचा. ज्याच्याकडून घेतला त्याने आधी काटा पुढे ओढला. कुठे सापडला, म्हणून विचारलं. “मोडीत आला, बाब!” संपलं. एकटा होता की हंडाभर भावंडांसोबत? कुणी, कुठल्या धावपळीत पुरला होता? आता ते कधीच कळायचं नाही.

पण सराफाला काय दोष द्यावा? आपला कायदाही काटाच धरून बसलाय. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर मोबदला किती? त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश! मग कोण कळवणार? त्यापेक्षा आटणी बरी.

इंग्लंडमध्येही मध्ययुगात हातोड्यानेच चांदीच्या पेन्या पाडत. आजही त्या तिथल्या शेतांत सापडतात. १९९६ च्या कायद्यानुसार संग्रहालयाने निधी घेतला तर बाजारभावाने मोबदला मिळतो. सापडवणारा आणि जमीनमालक तो सहसा वाटून घेतात. १९९७ पासून सुट्या पेनीचीही, कुठल्या शेतात मिळाली त्या जागेसह, नोंद करून घेतली जाते.

बाजारभाव दिला तर लोभ वाढेल, असं कोणी म्हणेल. लोभ आजही आहेच की! असीरगडच्या शेतांत तो टॉर्च घेऊन फिरला. पैसे जागेसकट कळवणाऱ्यालाच द्यावेत, चोरून उकरणाऱ्याला नकोत.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आपण संग्राहकांनी मात्र भाव विचारण्याआधी एवढं विचारावं: हे सापडलं कुठे? आणि उत्तर मिळालंच तर नाण्यासोबत चिठ्ठीवर लिहून ठेवावं. माझ्या रुपयाची चिठ्ठी कोरीच राहिली आहे.