परवान्याचे बंड?

पोलंडचे नाव निघाले की आपल्या घरांतून दोन चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एक, संत पोप जॉन पॉल दुसरे यांचे. दुसरे, १९८० च्या संपात ग्डान्स्कच्या गोदीच्या फाटकावर कामगारांनी लावलेल्या माता मरियेच्या तसबिरीचे. या दोन्ही चित्रांविषयी आम्हांस आदर आहे. आमची तक्रार आहे ती पोलंडच्या स्वातंत्र्याची कथा आपण ज्या रीतीने सांगतो तिच्याविषयी. आपल्या कथेत गोदी असते, वेदी असते, लेक वालेसा असतात. वॉर्साच्या रस्त्यांवर गिटार घेऊन ओरडणारी पोरे मात्र तिच्यात कुठेच नसतात.

त्यांना वगळण्यासाठी दोन कारणे सांगितली जातात. पहिले असे की, पंक नावाचे ते संगीत म्हणजे श्रद्धाहीन गोंगाट. त्याचा स्वातंत्र्याशी काय संबंध? दुसरे कारण अधिक विद्वत्तेचे दिसते आणि ते पोलंडमध्येही मांडले गेले आहे. कुकरमध्ये वाफ कोंडली की शिटी उचलली जाते, तशी कम्युनिस्ट सरकारने या पोरांना गाऊ देऊन तरुणांची वाफ बाहेर सोडली. म्हणजे हे बंड परवान्याचे, सबब खोटे. ही दोन्ही कारणे आम्हांस अमान्य आहेत.

प्रथम हकीगत पाहू. १९८१ साली वॉर्सात काही कोवळ्या तरुणांनी एक वाद्यवृंद स्थापला आणि त्याला नाव दिले ‘एस-एस-२०’. हे नाव सोव्हिएत अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचे. त्याच वर्षी १३ डिसेंबरला जनरल यारुझेल्स्की यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. सुमारे दहा हजार माणसे स्थानबद्ध झाली. १६ डिसेंबरला ‘वुयेक’ कोळसाखाणीत गोळीबार होऊन नऊ खाणकामगार मारले गेले. मांस शिधापत्रिकेवर मिळत होते आणि दूरचित्रवाणीवर बातम्या सांगणारे निवेदक लष्करी गणवेशात बसत होते. अशा देशात क्षेपणास्त्राचे नाव चालणे शक्यच नव्हते. ते टाकून १९८२ मध्ये या पोरांनी नवे नाव घेतले, ‘देझेर्तेर’. म्हणजे सैन्यातून पळालेला शिपाई. ज्या देशावर सैन्याचेच राज्य आहे तेथे हे नाव घेणे याचा अर्थ काय, तो वाचकांनीच समजून घ्यावा.

१९८३ मध्ये ‘तोनप्रेस’ या सरकारी कंपनीने त्यांची चार गाण्यांची एक छोटी तबकडी काढली. तीतील एका गाण्याचे शीर्षक, ‘मिलिशियाच्या शिपायाला विचार’. सत्य हवे असेल तर पोलिसाकडे जा, असा भाबडा उपदेश त्यात आहे आणि तो उपहास कळायला पोलंडमध्ये कोणाला टीपेची गरज नव्हती. पुढे १९८७ मध्ये त्यांची पहिली मोठी तबकडी आली ती सेन्सॉरची कात्री लागूनच. तिचे नाव ‘कोलाबोरात्सिया’, म्हणजे सत्तेशी हातमिळवणी. त्याच वर्षी त्यांची ध्वनिमुद्रणे देशाबाहेर गेली आणि अमेरिकेतील एका पंक नियतकालिकाने ती तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध केली.

आता शिटीच्या सिद्धांताकडे वळू. त्यात तथ्याचा अंश आहे, हे आम्ही नाकारत नाही. पश्चिम पोलंडमधील यारोचिन या लहानशा गावी दर उन्हाळ्यात तरुण संगीताचा महोत्सव भरे आणि हजारो पोरे तेथे जमत. तो चोरून भरत नव्हता. सरकारमान्य सांस्कृतिक संस्थांच्या छत्राखाली भरत होता. गाण्यांचे शब्द आधी सेन्सॉरला दाखवावे लागत. गर्दीत गुप्त पोलीस फिरत आणि कोण काय बोलतो याची नोंद ठेवत. सरकारने परवानगी दिली ती स्वतःच्या सोयीसाठी, हे उघड आहे.

परंतु परवानगी देणाऱ्याचा हेतू हाच बोलणाऱ्याच्या शब्दाचा अर्थ ठरतो काय? हा नियम एकदा मान्य केला तर तो आपल्याही दारात येऊन उभा राहील, याचे भान हा सिद्धांत मांडणाऱ्या आपल्या बांधवांस नसावे. नोवा हुता ही देव नसलेली आदर्श कामगारनगरी म्हणून वसवली गेली. १९६० मध्ये तेथील क्रूस हटवू नये म्हणून लोक पोलिसांशी भिडले. अखेर १९७७ मध्ये तेथील मंदिराचे पवित्रीकरण कार्डिनल वोयतिवा यांच्या हस्ते झाले. ते मंदिर सरकारी परवान्यानेच उभे राहिले. म्हणून तेथील प्रार्थना खोटी ठरली का? क्राकोवचे कॅथोलिक साप्ताहिक ‘टिगोद्निक पोव्शेख्नी’ वर्षानुवर्षे सेन्सॉरच्या टेबलावरून छापखान्यात जात होते. म्हणून त्यात छापलेले सत्य परवान्याचे झाले का? वॉर्सातील संत स्तानिस्लाव कोस्त्का मंदिरात फादर येझी पोपिएउश्को मातृभूमीसाठी मिस्सा अर्पण करीत, ती दारे उघडी ठेवूनच, आणि त्या गर्दीतही गुप्त पोलीस उभे असत.

त्या फादरांचे पुढे काय झाले ते आपण जाणतो. १९ ऑक्टोबर १९८४ रोजी गुप्त पोलीस खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांचे अपहरण करून त्यांची हत्या केली. २०१० मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. त्या रक्तसाक्ष्याची आणि गिटारवाल्या पोरांची तुलना आम्ही करीत नाही. ती करणे अनुचित होईल. या पोरांनी त्यांच्याइतकी किंमत मोजली नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जी सत्ता दार किलकिले ठेवते ती आत काय बोलले जाईल यावर पूर्ण ताबा ठेवू शकत नाही. मंदिराच्या बाबतीत हे आपण अभिमानाने सांगतो. मग यारोचिनच्या मैदानाच्या बाबतीत दुसरे माप का?

राहिला श्रद्धाहीन गोंगाटाचा आक्षेप. हे संगीत कर्कश आहे, हे खरे. आम्ही स्वतः त्यातले फार काळ ऐकू शकत नाही. ही पोरे श्रद्धावान नव्हती, हेही खरे. त्यांचा विश्वास सरकारवर नव्हता, संघटनांवर नव्हता आणि आम्हा धर्मगुरूंवर तर नव्हताच. १९८९ नंतर पोलंड मोकळा झाला तेव्हा पंकवाल्यांनी पैशाच्या नव्या हावेवर टीका केली, तशी ख्रिस्तसभेच्या राजकीय वजनावरही केली. येथे आम्हांस एक सोपी पळवाट उपलब्ध आहे. ‘सिएकिएरा’ या पंक वाद्यवृंदात गाणारे तोमाश बुद्झिन्स्की पुढे उघडपणे कॅथोलिक श्रद्धेकडे वळले आणि १९९६ मध्ये तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील एका वचनाच्या क्रमांकावरून नाव घेतलेल्या वाद्यवृंदात सामील झाले. हे उदाहरण पुढे करून ‘पाहा, अखेर ती आपलीच पोरे’ असे म्हणता आले असते. आम्ही तसे म्हणणार नाही. एकाच्या परिवर्तनाने इतरांचे बोलणे खरे होत नाही. त्यांचे बोलणे खरे होते, कारण ते खरे होते.

लष्करी कायद्याच्या काळात पोलिश नटांनी सरकारी दूरचित्रवाणीवर बहिष्कार घातला आणि ख्रिस्तसभेने त्यांच्यासाठी आपली दारे उघडली. १९८५ मध्ये वॉर्सातील झित्निया रस्त्यावरच्या भग्न मंदिरात आंद्रेई वायदा यांनी नाटक बसवले. हे आपल्या इतिहासातील एक उजळ पान आहे. परंतु कवी आणि नट यांना दार उघडणे अवघड नसते. ते नमस्कार करून आत येतात. केस रंगवलेली, नमस्कार न करणारी, आपल्यालाही चार शब्द सुनावणारी पोरे दारात आली असती तर आपण काय केले असते, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या धर्मग्रामाकडे पाहून द्यावे.

वाचकहो, आपल्या घरातील तरुण चढ्या आवाजात बोलला की आपण प्रथम त्याचा आवाज तपासतो. त्याचे म्हणणे तपासायचे राहूनच जाते. सत्तेचेही नेमके असेच असते. तिला शब्दांपेक्षा त्यांचा सूर आधी बोचतो. निदान या बाबतीत आपण सेन्सॉरच्या टेबलापलीकडे त्याच्या शेजारी बसू नये. पोलंडची कथा सांगताना यापुढे गोदी असू द्या, वेदी असू द्या आणि त्यांच्या जोडीला ती ओरडणारी पोरेही असू द्या. ती आपली नव्हती. पण सगळा देश दबक्या आवाजात बोलत असताना ती मोठ्याने बोलली, आणि जे बोलली ते खोटे नव्हते.