दुसरे कुलूप आणि उधन्याचा कामगार

घर खानदेशात आणि पोट सुरतेत, अशी ज्यांची विभागणी झालेली आहे, अशी असंख्य मराठी कुटुंबे उधना व लिंबायत या भागांशी बांधलेली आहेत. उधना-जळगाव लोहमार्गाने ही माणसे सणावारी गावी जातात आणि यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळीवर परततात. अशा कुटुंबांची सत्त्वपरीक्षा हल्ली एक सहा आकडी संकेतांक पाहत आहे. त्याचे नाव ओटीपी.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतील भगिनींना ई-केवायसी सक्तीची केली. दरमहा दीड हजार रुपये चालू राहावयाचे, तर एक ओटीपी बहिणीच्या आधारशी जोडलेल्या मोबाईलवर आणि दुसरा तिच्या पतीच्या वा पित्याच्या मोबाईलवर, अशी ती योजना होती. पत्नी नंदुरबारकडे सेवाकेंद्राच्या रांगेत आणि पतीचा मोबाईल उधन्यात मागांच्या खडखडाटात खुंटीवरच्या पिशवीत, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. घंटी ऐकू येत नाही. आली तरी माग सोडून जाता येत नाही. आणि ओटीपीचे आयुष्य काही मिनिटांचे! ज्यांचा पती वा पिता हयात नाही त्यांनी ओटीपी आणावयाचा कोठून, हा प्रश्न काम सुरू झाल्यावर पुढे आला. मुदतही वाढवावी लागली.

कुलूपच नको, असे आमचे म्हणणे नाही. रिझर्व्ह बँकेने २००९ च्या ऑगस्टपासून इंटरनेटवरील कार्ड-व्यवहारांना दुसरी पडताळणी अनिवार्य केली, ती योग्यच होती. गरिबाच्या खात्यातील चार पैसे चोरीस गेले, तर त्याला भरपाईसाठी वकील परवडत नाही. आमचा आक्षेप आहे तो या व्यवस्थेच्या गृहीतकावर. एक माणूस, एक क्रमांक आणि सदैव हाताशी असलेले एक यंत्र, असे ती धरून चालते. उधन्याच्या खोलीत तसे नसते. बँकेत गावचा जुना क्रमांक, आधारला तिसराच, आणि रोजच्या वापरात सुरतेचा. ९० दिवस न वापरलेला प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो आणि पुढे काही काळाने दुसऱ्या ग्राहकाच्या हाती जातो. यूपीआयची नोंदणी तर त्याच हँडसेटमधील त्याच सिमकार्डाशी जखडलेली. हँडसेट बदलला की पुन्हा श्रीगणेशा. जुलै २०२५ पासून घरबसल्या तत्काळ तिकीट काढण्यासही आधारचा ओटीपी लागू लागला. म्हणजे गावी जाण्याची वाटही त्याच एका किल्लीने उघडावयाची.

याचा परिणाम काय होतो? कंटाळलेला कामगार आपला मोबाईल आणि ओटीपी दोन्ही एखाद्या दलालाच्या हाती सोपवतो. चोराला अडविण्यासाठी बसविलेले कुलूप मालकालाच बाहेर ठेवू लागले, की मालक किल्ली परक्याच्या हाती देतो. मग सुरक्षितता उरली कोठे?

मनिऑर्डरच्या काळीही पडताळणी होतीच. पोस्टमन माणसाला ओळखत असे, अंगठा घेत असे आणि शेजाऱ्याची साक्ष घेत असे. कोकणातील चाकरमान्यांची घरे त्याच विश्वासावर चालली. तेव्हा खूण माणसाची होती. आज ती यंत्राची झाली आहे. यंत्र हरवले की माणूसही हरवतो, ही आजची खरी अडचण.

उपाय दुर्घट नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी एसएमएसखेरीज अन्य मार्गांनाही वाव दिला असून अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. त्या संधीचा उपयोग केवळ नव्या हँडसेटवाल्यांना होऊ नये. बोटांच्या ठशांनी वा चेहऱ्याने केंद्रावर पडताळणी, विश्वासू नातेवाइकाचा दुसरा नोंदलेला क्रमांक, जपून ठेवावयाचे छापील संकेतांक, यांपैकी एक पर्याय प्रत्येक सेवेत असलाच पाहिजे. दोन्ही राज्यांच्या शासनांनी मिळून उधन्यात पाळी सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, क्रमांक दुरुस्तीची शिबिरे भरवावीत. खाडा करून सरकारी रांगेत उभे राहणे ही कामगाराच्या दृष्टीने एक प्रकारची दंडवसुलीच आहे.

दुसरे कुलूप अवश्य असावे. परंतु त्याची दुसरी किल्लीही नागरिकाला हक्काने मिळाली पाहिजे. ती देण्याचे दायित्व कुलूप बसविणाऱ्याचे आहे.