स्वस्त का आहे, हे आधी विचारू या

परवा आमच्या भिशीत चांगलाच वाद रंगला. सुरुवात झाली ती साध्या गोष्टीवरून. एका मैत्रिणीच्या मोबाइलवर कुणीतरी निरोप पाठवला होता, की अमुक एका सरकारी तेल कंपनीचा शेअर कवडीमोलानं मिळतोय, आत्ता घ्या, वर्षभरात दुप्पट होईल. झालं! चहा बाजूला राहिला आणि पोह्याच्या बशा तशाच थंड झाल्या.

शाळेत गणित शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "हिशोबानं तर स्वस्तच दिसतो. कंपनी एका शेअरमागे वर्षाला जेवढं कमावते, त्याच्या चार-पाच पटीतच शेअर मिळतोय. वर लाभांशही बरा देतात." राईस मिलवाल्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "अहो, गॅस तर घरोघरी लागतो, पेट्रोलशिवाय कुणाचं चालतं? अशी कंपनी बुडेल कशी?" बँकेतून निवृत्त झालेल्या काकू मात्र मान हलवत राहिल्या. "इतका चांगला माल इतका स्वस्त, तर मोठे व्यापारी का सोडून देतायत, ते सांगा ना आधी."

हे सगळं ऐकत कोपऱ्यात बसलेली आमची एक मैत्रीण हळूच म्हणाली, "मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी एफडी ठेवली आहे जी. मोडून टाकू का त्यात?" आणि मग सगळ्या एकदम गप्प झाल्या. तोवर जो वाद गंमतीचा होता, तो एकाएकी खरा झाला. म्हणूनच आज हा विषय.

मैत्रिणींनो, स्वस्त वस्तू ओळखण्यात आपल्याला कोण शिकवणार! बाजारात वांगी स्वस्त दिसली तर आपण आधी उलटून देठाशी कीड पाहतो. शेतजमिनीचंही तसंच. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मामा तलावाखालची धानाची बांधी कुणी फार स्वस्तात विकायला काढली, तर घरातली म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "पाणी सोडणं कोणाच्या हातात आहे?" जमीन काळीभोर असो की पिवळी, पाण्याची किल्ली दुसऱ्याकडे असेल तर पीक आपल्या मर्जीनं येत नाही. सरकारी तेल कंपन्यांचं नेमकं हेच आहे. कंपनी मोठी, गिऱ्हाईक घरोघरी. पण आपला माल काय भावानं विकायचा, याची किल्ली पूर्णपणे तिच्या हातात नसते.

कागदावर पाहिलं तर पेट्रोलचे भाव २०१० साली आणि डिझेलचे २०१४ साली सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. पण पुढे काय झालं पाहा. ऑक्टोबर २०१८ मध्ये पेट्रोल-डिझेल फार महागलं, लोक ओरडू लागले. तेव्हा केंद्र सरकारनं लिटरमागे अडीच रुपये कमी केले. त्यातला दीड रुपया सरकारनं आपल्या करातून सोडला आणि एक रुपया कंपन्यांनी सोसावा असं सांगितलं. एकच रुपया! पण हिंदुस्तान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम, इंडियन ऑइल, तिघींचेही शेअर दोन दिवसांत धडाधड कोसळले. किल्ली अजूनही दिल्लीतच आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

२०२२ सालची गोष्ट तर अजून ताजी आहे. युक्रेनचं युद्ध पेटलं, कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, पण पंपावरचे भाव कंपन्यांना त्या मानानं वाढवता आले नाहीत. त्या वर्षी एप्रिल ते जून या तीनच महिन्यांत हिंदुस्तान पेट्रोलियमला १० हजार १९६ कोटी रुपयांचा तोटा झाला. पुढे कच्चं तेल उतरलं, पण पंपावरचे भाव जवळपास तसेच राहिले. पेट्रोल-डिझेल दोन रुपयांनी उतरलं ते मार्च २०२४ मध्ये. त्यामुळे २०२३-२४ या वर्षात याच तीन कंपन्यांनी मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा विक्रमी नफा कमावला. हा नफा आला कुठून? आपल्याच स्कूटीच्या टाकीतून की!

आता गणिताच्या ताईंच्या हिशोबाकडे वळू. "नफ्याच्या चार-पाच पटीत शेअर" हा हिशोब चुकीचा नाही, पण तो नफा कोणत्या वर्षाचा, ते विचारायला हवं. एका वर्षी पाऊस छान झाला, धान भरघोस पिकलं, म्हणून त्या एका वर्षाच्या पिकावर कुणी बांधीची किंमत ठरवतं का? चार सुकाळाची, दोन दुष्काळाची अशी सात-आठ वर्षं एकत्र बघावी लागतात. तेल कंपन्यांचा नफाही तसाच, कधी महापूर तर कधी कोरडा तलाव. ज्या वर्षी शेअर हिशोबात सगळ्यात स्वस्त दिसतो, ते बहुतेक वेळा सुकाळाचं वर्ष असतं, आणि दुष्काळ येऊ शकतो हे भाव ठरवणाऱ्यांना माहीत असतं. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

वादात आणखी एक मुद्दा निघाला होता. "सरकार कधी ना कधी कंपनी विकेल, तेव्हा भाव दुप्पट होईल." ही आशाही जुनीच. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं भारत पेट्रोलियममधला सरकारचा सगळा, म्हणजे जवळजवळ ५३ टक्के हिस्सा विकायला मंजुरी दिली. कित्येकांनी त्या आशेवर शेअर घेतले, धरून ठेवले. मध्येच कोरोना आला, इच्छुक गिऱ्हाइकं एकेक करून मागे हटली आणि मे २०२२ मध्ये सरकारनं विक्रीच रद्द केली.

आणि समजा विकलीच, तरी आपल्यासारख्यांच्या पदरात काय पडेल? हिंदुस्तान पेट्रोलियमचं उदाहरण बघा. मुंबईत रिफायनरी असलेल्या एस्सो या परदेशी कंपनीचं राष्ट्रीयीकरण होऊन १९७४ साली ही कंपनी उभी राहिली. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं तिच्यातला आपला ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीला ३६ हजार ९१५ कोटी रुपयांना विकला. शेअरमागे भाव मिळाला ४७३ रुपये ९७ पैसे, बाजारभावापेक्षा जास्त. एरवी कुणी एवढा मोठा हिस्सा घेतला, तर छोट्या भागधारकांचेही काही शेअर घेण्याची तयारी त्याला दाखवावी लागते, तसा नियमच आहे. पण घेणारी ओएनजीसीसुद्धा सरकारचीच, मालक काही बदलत नाही, म्हणून या व्यवहाराला त्यातून सूट मिळाली. मोठ्या वाटेकऱ्याला चढा भाव मिळाला आणि छोट्यांच्या वाट्याला बाजारभावच राहिला. कायद्यात बसणारंच होतं हे, पण छोट्या भागधारकाची जागा कुठे असते, ते त्यातून कळतं.

एक गंमत मात्र मला त्या दिवसापासून सारखी टोचतेय. सिलिंडर स्वस्त मिळावा म्हणून आपण हात जोडतो, आणि शेअर घेतला की त्याच सिलिंडरचा भाव वाढावा असं मनातून वाटू लागतं! स्वयंपाकघरातली बाई आणि भागधारक बाई एकाच घरात राहतात आणि एकमेकींच्या विरुद्ध मागणं मागतात. यात स्वयंपाकघराची मागणी मोठी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चुलीच्या धुरानं डोळे गेलेल्या आपल्या आज्या आठवा. गॅस गरिबाला परवडलाच पाहिजे. पण तो स्वस्त ठेवायचा खर्च कुणीतरी भरतोच. सिलिंडरच्या तोट्यापोटी सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपन्यांना २२ हजार कोटी दिले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा ३० हजार कोटी मंजूर केले. म्हणजे भरपाई येते, पण येते ती उशिरा, आणि कधी व किती हे आपल्याला आधी कळत नाही. या शेअरमध्ये पैसे घालणारीनं एवढं समजूनच घालावेत.

मग घ्यायचेच नाहीत का? तसं मी म्हणणार नाही. धीर धरणाऱ्यांना या कंपन्यांनी लाभांश दिलाय, बोनस शेअरही दिलेत. पण घेण्याआधी तीन प्रश्न एका कागदावर लिहा आणि उत्तरंही स्वतःच्या हातानं लिहा. एक, हा नफा एका वर्षाचा की सात-आठ वर्षांचा? दोन, भावाची किल्ली कोणाच्या हातात? तीन, हा पैसा पुढची पाच वर्षं हाती आला नाही किंवा निम्मा झाला, तर घरातलं कोणतं काम अडेल? तिसऱ्या उत्तरात मुलीची फी, सासूबाईंचं ऑपरेशन, घराचा हप्ता असं काहीही आलं, तर पहिल्या दोन उत्तरांना अर्थच उरत नाही. आणि मोबाइलवर आलेल्या निरोपाला तर आधी हेच विचारा, की बाबा, दुप्पट होणार हे तुला ठाऊक आहे तर तू मला का सांगतोस?

ज्यांच्याकडे असे शेअर आधीपासून आहेत, त्यांनी आपला हक्कही विसरू नये. एक शेअर असला तरी वार्षिक सभेत मत देता येतं, तेही घरबसल्या. त्याचा मेल येतो, आपण तो न वाचताच पुसून टाकतो. पुढच्या वेळी उघडून बघा. नवऱ्याच्या नावावरच्या शेअरना नॉमिनी कोण आहे, तेही एकदा विचारा.

आमच्या त्या मैत्रिणीनं काय केलं, ते सांगायचं राहिलंच. तिसरा प्रश्न ऐकला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही जी, फीची एफडी फीसाठीच." मग शिवणकामाच्या पैशातून पुढेमागे दोन-चार शेअर घेऊन शिकीन, असंही म्हणाली. काकूंनी तिला सात वर्षांचे आकडे काढून द्यायचं कबूल केलंय. पुढच्या भिशीत आम्ही सगळ्या मिळून ते वाचणार आहोत. पोहे मात्र आधी खाऊन घेणार!