हप्त्यावरची कात्री

मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करताना हप्ता फुगलेला दिसला, की पुष्कळांची कात्री प्रथम आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या घोषित मूल्यावर चालते. हा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो. हप्ता शेकड्यांनी उतरतो. गाडी चोरीला गेल्यास भरपाई मात्र हजारांनी घटते. १९८८च्या कायद्याने सक्तीच्या केलेल्या थर्ड पार्टी विम्याचा दर सरकारच ठरवते. तिथे घासाघीस नाही. खरी बचत नो क्लेम बोनसमध्ये आहे. सलग ५ वर्षे दावा केला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. ती गाडीची नव्हे, मालकाची. नव्या गाडीलाही लावता येते. बंपरच्या ओरखड्यापायी ती घालवणाऱ्यांचे मला नवल वाटते. मुदत संपून ९० दिवस उलटले, तरीही ती बुडते, आणि तेव्हा कुणाशी भांडणार?