वाढीव शिक्षेने पोलिसांचे रक्षण होईल काय?

पोलिसांवर हात टाकणाऱ्यास अधिक कडक शिक्षा द्या, ही मागणी अशा प्रत्येक हल्ल्यानंतर उठते आणि तिच्यामागील संताप आम्ही समजू शकतो. 2016 साली मुंबईत खार येथे वाहतूक पोलीस शिपायाच्या डोक्यावर प्रहार करण्यात आला व उपचार चालू असता त्याचा अंत झाला. राज्य विधिमंडळाने पुढे दंड संहितेच्या 353व्या कलमातील दोन वर्षांची कमाल शिक्षा पाच वर्षांवर नेली आणि असे खटले सत्र न्यायालयाकडे सोपविले. 2018 पासून ही दुरुस्ती अमलात आली.

काही वर्षांतच लोकप्रतिनिधी सभागृहात या कलमाच्या गैरवापराची तक्रार करू लागले. (कायदा करणारेच त्यात सापडू लागल्यावर हा आवाज उठला, हेही नमूद करणे बरे!) 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या 132व्या कलमात कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षे आहे. राज्याने केलेली वाढ जुन्या संहितेबरोबर गेली. ती नव्या संहितेत पुन्हा आणावी, या विचारास आमचा विरोध आहे.

अटकेला केलेल्या प्रतिकारासाठी 262वे कलम आहेच. तेथेही कमाल शिक्षा दोन वर्षे, परंतु गुन्हा जामीनपात्र. 132वे कलम हल्ल्याचे व बलप्रयोगाचे, म्हणून अजामीनपात्र. आता कंधारच्या बाजारात साध्या वेषातील दोघांनी एखाद्या शेतमजुराचा दंड धरला आणि त्याने भिऊन हात झटकला, तर तो प्रतिकार की हल्ला? हे प्रथम ठरविणार फिर्याद लिहिणारा पोलीसच. साक्षीदारही बहुधा त्याच ठाण्याचे. शिक्षा निकालानंतरची गोष्ट. जामिनाची पायपीट त्याच दिवशी सुरू होते.

शिवाय, अटक काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी, सद्भावनेने कर्तव्य करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क 37वे कलम नाकारते; मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तरच तो मिळतो. चुकीच्या अटकेपुढेही नागरिकाने मान तुकवावी, असे कायदा म्हणत असेल तर अटक निर्दोष ठेवण्याची जबाबदारी सरकारवर येते. अधिकाऱ्याने नावाची पट्टी लावावी, अटकेचा पंचनामा साक्षीदारासमक्ष करावा, आप्तांस कळवावे, हे नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेले आहे. अटकेची कारणे त्या माणसास समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात बजावले. हे नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याची शिक्षा वाढवावी, असे मात्र कोणी सुचवीत नाही.

कंधारच्या लोकांनी सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचे पोलीस पाहिले आहेत. येथूनच अनेकदा विधानसभेवर निवडून गेलेले कै. भाई केशवराव धोंडगे यांस आणीबाणीत कारावास घडला. ज्यास पकडून नेतात तो गुंडच असतो, असे या मुलखास कोणी सांगू नये.

शिपायाच्या जिवाची काळजी आम्हांसही आहे. त्यास पुरेसे मनुष्यबळ द्या, अंगावर कॅमेरा द्या. खऱ्या हल्लेखोराविरुद्ध त्याहून चांगला पुरावा मिळणार नाही, आणि खोट्या फिर्यादीसही तोच आळा घालील. परंतु त्याआधी गृहखात्याने सांगावे की, 2018 ते 2024 या काळात पाच वर्षांच्या कलमाखाली किती गुन्हे नोंदले गेले, त्यांत पोलिसांवरील हल्ल्यांचे किती आणि शिक्षा किती जणांस झाली. हे आकडे सभागृहापुढे येईपर्यंत शिक्षावाढीचे विधेयक मांडू नये.